पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक : आंबोली घाट, खारी हवा आणि एक पावसाळा

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी मुंबईत नोकरीला असताना घेतलेली. ते निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा गाडीही त्यांच्याबरोबर आली. लहानपणी गणपतीला याच गाडीतून यायचो. कशेडी घाटात रेडिएटरला पाणी पाजायला जिथे थांबायचो ती जागा मी आजही दाखवू शकेन. त्यामुळे ही गाडी विकायची नाही आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवायचीही नाही, हे घरात ठरलेलं आहे. ती चालली पाहिजे.

अडचण ब्रेकची आहे. चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे डबे, ज्यांना आतून शू नावाच्या वाकड्या पट्ट्या दाबून थांबवतात. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरहून परतताना आंबोली घाट उतरत होतो. गाडीत आम्ही चौघं, डिकी भरलेली. धबधब्याच्या खाली बरीच वळणं उतरेपर्यंत ब्रेक नीट लागत होते. मग पेडल मऊ पडू लागलं आणि दाणोलीच्या अलीकडे एका वळणावर ते सरळ तळाला गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर जेमतेम पकडलं. गाडी दुसऱ्या गिअरात होती, पहिला टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली. आई मागे बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, पण पुढच्या सीटची पाठ घट्ट धरलेला तिचा हात मला आरशात दिसत होता. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा पहिल्यासारखे!

दुसरी तक्रार पावसाळ्यातली. रस्त्यावर पाणी आलं आणि त्यातून गाडी काढली, की पुढचे चार-पाच ब्रेक नुसते घसरतात. नंतर लागतात, पण गाडी डावीकडे ओढते.

पुढच्या दोन चाकांना डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटून थांबवायची तबकडी, बसवायचं मनात आहे. कोणी केलंय का? कुठून सुरुवात करावी? माझा भाचा लेथवर काम करतो, त्यामुळे ब्रॅकेट आणि हबचं काम घरचंच आहे.

जुना_फिटर

डिस्क बसवा, नको म्हणत नाही. पण आधी घाटात काय झालं ते समजून घ्या. नाहीतर डिस्क बसवूनही त्याच वळणावर तेच होईल.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी जातात. एकात पेडल घट्ट असतं, पाय दाबून दुखतो, पण गाडी थांबत नाही. तो लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराचा, दोष. लायनर तापून त्याची पकड गेलेली असते, शिवाय ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. दुसऱ्या तऱ्हेत पेडलच मऊ होऊन खाली जातं, आणि गाडी निवली की आपोआप बरं होतं. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय तळाला जातो. तुमचं दुसरं झालं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याचा स्वभावच तो. आपल्या किनाऱ्यावर तर विचारूच नका. डॉट ३ ऑइल कोरं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर १४० ला उकळू शकतं. डॉट ४ कोरं २३०, मुरलेलं १५५. आता खरं सांगा, तुमच्या गाडीतलं ऑइल शेवटचं कधी बदललंत?

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

काका, कमी झालं की वरून भरत आलो. पूर्ण काढून बदललेलं मला आठवत नाही. बाबांनाही आठवत नाही.

कुर्ला_ते_कुडाळ

माझे वडील मुंबईत काळीपिवळी चालवायचे. पद्मिनी कुर्ल्याला बनायची आणि आम्ही राहायलाही कुर्ल्यालाच होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्या दिवशी वडील घरात कोणाशी बोलले नाहीत.

मला ड्रमची बाजू मांडायची आहे. वडिलांनी अख्खं आयुष्य ड्रमवर काढलं, गावी येतानाही तीच गाडी. पण ते दर काही दिवसांनी चाकं उचलून शू ॲडजस्ट करायचे. लायनर नवीन घातले की आधी खडूने घासून बघायचे, शू ड्रमला पूर्ण टेकतो की नुसता मधोमध. ड्रम लेथवर घ्यायचे तर डावा-उजवा एकाच मापाला. हे सगळं करून गाडी एका बाजूला ओढत असेल तर व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) बघायचा, एका बाजूचा जाम असतो. तुमच्या गाडीला इतकं कोणी केलंय का? आधी ते करून बघा. गाडी आहे तशी राहील.

घाटमाथा

मी इंजिनिअर आहे, राहते कोल्हापुरात, माहेर मालवण. आंबोली घाटाने वर्षातून आठ-दहा फेऱ्या होतात, म्हणून एक हिशोब मांडते.

माणसं आणि सामान धरून तुमची गाडी १२०० किलो समजू. आंबोलीहून पायथ्यापर्यंत साधारण ६०० मीटर उतार. म्हणजे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर त्या उष्णतेने २४ लिटर पाणी उकळीला येईल, म्हणजे दोन कळशा भरून. दुसऱ्या मापाने सांगायचं तर ताशी ६० किलोमीटरवरून गाडी शून्यावर आणण्याचं काम ४२ वेळा. प्रत्यक्षात बराच भाग इंजिन, टायर आणि हवा खातात, म्हणूनच खालच्या गिअरचं एवढं महत्त्व. पण न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरात उतरलात, की त्या दोन कळशा जवळजवळ पूर्ण ब्रेकवर.

डिस्क उघड्यावर फिरते, दोन्ही अंगांनी वारा लागतो, त्यामुळे लवकर निवते. तापली तर जाडीने फुगते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच येते. ड्रम उलट शूपासून दूर जातो. पाण्याचंही तसंच. ड्रममध्ये शिरलेलं पाणी आत फिरत राहतं, डिस्कवरचं पाणी फिरताना उडतं आणि उरलेलं पॅड पुसून काढतात. तेव्हा तुमची पावसातली तक्रार डिस्कने नक्की जाईल. घाटातली मात्र फिटर काकांनी सांगितल्याप्रमाणे ऑइलची आहे, आणि डिस्कमध्ये तर पॅडच्या पाठीला थेट पिस्टन आणि पिस्टनच्या पाठीला थेट ऑइल. म्हणजे ऑइलकडे दुर्लक्ष डिस्कला जास्तच महाग पडतं.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची अँबेसिडर छतापर्यंत पाण्यात होती. नंतर ड्रम उघडले तर आत गाळाचा थर आणि शू ड्रमला गंजून चिकटलेले. घणाने ठोकून काढावे लागले. पाण्यात बुडालेल्या गाडीचे ब्रेक नुसते वाळवून चालत नाही, मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) सगळं उघडावं लागतं, हे तेव्हा कळलं.

एक कळकळीचं सांगणं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवायची सवय सगळ्या गॅरेजमध्ये आहे, ती धूळ छातीत जाते आणि तिथेच राहते. आधी पाणी मारून भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. भाच्याला लेथवर जुना शू किंवा न धुतलेला ड्रम घेऊ देऊ नका.

मूळ_स्वरूप

जुन्या गाड्या जशा होत्या तशा राखाव्यात, या मताचा मी आहे, तरी इथे विरोध करायला आलेलो नाही. एक माहिती द्यायची होती. इटलीत १९६६ मध्ये फियाटने ११०० आर काढली, तिला पुढे डिस्क होते. आपल्याकडे मात्र ११०० डी चाच वंश पुढे चालत राहिला, तीच गाडी आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे या घराण्याला डिस्क परका नाही. मनाला एवढा आधार पुरतो.

कायद्याचं बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं आहे. शिवाय २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, ५० वर्षांवरच्या गाड्यांना. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात लागते, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तुमच्या गाडीला २०२८ मध्ये ५० पूर्ण होतील. म्हणून तीन गोष्टी करा. परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारा, विमा कंपनीला कळवा, आणि एकही मूळ भाग कापू नका, वितळवू नका, त्याच्यावर वेल्डिंग करू नका. ज्या दिवशी ड्रम परत घालायचे ठरेल त्या दिवशी ते तसेच्या तसे बसले पाहिजेत.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी कुर्ला_ते_कुडाळ यांचं ऐकलं. चारही ड्रम उघडले, ओल्या फडक्याने पुसून. पुढच्या उजव्या बाजूचा एक व्हील सिलिंडर पूर्ण जाम होता, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. ऑइल काढलं ते चहाच्या रंगाचं. ऑइलच्या ज्या पोलादी बंडी पाइपांवर वरून रंग दिसत होता ते क्लिपच्या खाली गंजून पापुद्र्यासारखे झालेले. मागच्या ॲक्सलवरचा तर नखाने खरवडला आणि ओलावा आला. त्या पाइपवर आम्ही घाट उतरत होतो.

नवीन सिलिंडर, नवीन लायनर, डॉट ४ ऑइल आणि नवे पाइप घालून गाडी पुष्कळ सुधारली. घाटातही एकदा नेऊन आणली, पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं. म्हणजे काकांचं निदान शंभर टक्के बरोबर.

तरी पहिल्या मोठ्या पावसात पाण्यातून गाडी काढली आणि तेच झालं, पहिले चार ब्रेक वाया. समोर शाळेची मुलं होती. त्या रात्री डिस्कचं पक्कं केलं. परिवहन कार्यालयात अर्ज दिला आहे, विमावाल्यांना पत्र गेलं आहे.

जुना_फिटर

आता बरोबर क्रमाने आलात. पाइप कसले घातलेत?

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

तांबं-निकेलचे. गंजत नाहीत म्हणून.

जुना_फिटर

उत्तम. निव्वळ तांब्याचा पाइप कोणी देईल तर घेऊ नका, तो हादऱ्याने कडक होऊन चिरतो. टोकं डबल फ्लेअरच (दुमडून दुहेरी फाकवलेली) करा, सिंगल फ्लेअर ब्रेकला चालत नाही. आणि क्लिपखाली रबर घाला, खारं पाणी तिथेच साचतं.

डिस्कच्या आधी किंगपिन बघा. या गाडीला पुढे किंगपिन आहे, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती. बुश खाल्लेले असतील किंवा बेअरिंगला खेळ असेल तर वळणावर डिस्क कलते आणि पॅड मागे ढकलते. मग पुढचा ब्रेक अर्ध्या पेडलनंतर लागतो, आणि माणूस उगाच ऑइलमधली हवा काढत बसतो. ड्रमला हा खेळ कळून येत नाही, डिस्कला लगेच कळतो.

आमचे उस्ताद म्हणायचे, "गाडी धावाक काय, ती कशीव धावता. थांबाक व्हयी."

घाटमाथा

मास्टर सिलिंडर तोच ठेवणार असाल तर थांबा. एक इंची व्हील सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस मिलीमीटर. ४८ मिलीमीटरच्या कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टनचं १८१०. म्हणजे साडेतीन पट. एवढं ऑइल सरकवायला जुना मास्टर कमी पडू शकतो, पेडल लांब जाईल. मोठा घेतला तर दुसरी बाजू बघा. पाऊण इंचीऐवजी सात-अष्टमांश इंची मास्टर घेतला तर एका दाबात ३६ टक्के जास्त ऑइल जातं, पण तेवढाच दाब आणायला पायही ३६ टक्के जास्त लावावा लागतो.

ड्रममध्ये एक सोय असते. चाक फिरताना पुढचा शू स्वतःच ड्रमकडे ओढला जातो आणि ब्रेकची ताकद वाढते. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही. म्हणून डिस्कबरोबर बहुतेक वेळा बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या ओढीने पायाचं बळ वाढवणारा डबा, येतो. तुमची आई किंवा पत्नीही गाडी चालवत असतील तर बूस्टर घ्याच.

आणि मास्टर दुहेरी घ्या, पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा. जुन्यात एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. तुम्ही नखाने खरवडलेला पाइप आठवा.

देवगड_सडा

वाचतोय. डिस्क आणि कॅलिपर कुठल्या गाडीचे घेताय ते लिहा, माझ्याकडेही १९८४ ची आहे.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

एका जुन्या छोट्या हॅचबॅकचे आहेत. मॉडेलचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण त्याच मॉडेलच्या दोन वर्षांच्या डिस्कमध्ये मला फरक सापडला. नाव वाचून कोणी आणेल आणि फसेल. मापं घ्या. हबचा मधला व्यास, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, डिस्कची खोली आणि चाकाच्या आतली मोकळी जागा. आम्ही आधी जाड पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून मूळ १४ इंची चाकाच्या आत फिरवून बघितला. दोन ठिकाणी घासला, तेव्हा ब्रॅकेटची जागा बदलली. पुठ्ठ्यावर गेलेली ती दुपार सगळ्यात उपयोगी पडली.

ब्रॅकेट १२ मिलीमीटर पोलादी पट्टीचा. स्टबला (चाक ज्यावर फिरतं तो आस) वेल्डिंग अजिबात नाही, जिथे ड्रमची बॅकप्लेट बसते त्याच भोकांत बोल्ट. बोल्ट १०.९ ग्रेडचे, लॉकिंग नटासह. डिस्क बसवून डायल गेज लावला तर पहिल्यांदा ०.२५ मिलीमीटर डगमग. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा होता. तो साफ करून भाच्याने हबचं तोंड हलकंसं घेतलं, मग ०.०६ वर आली. आमचं ठरलं होतं ०.१ च्या आत. किंगपिन आणि बुश नवे घातले, बेअरिंगही.

दुहेरी मास्टर आणि बूस्टर एकत्र मिळाले. त्यासाठी वेगळा ब्रॅकेट केला, मूळ पत्रा कापला नाही. पेडलचा लिव्हर जेवढ्यास तेवढा ठेवला.

आता अडचण. ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, करून दमलो. तीन बाटल्या ऑइल गेलं. पेडल स्पंजसारखंच. नळी पारदर्शक लावून बघितलं, बुडबुडे थांबलेत, तरी पेडल मऊ. नवीन मास्टर खराब निघाला असेल का?

जुना_फिटर

मास्टरला लगेच दोष देऊ नका. कॅलिपरचा एक फोटो टाका, चाक काढून, बाजूने.

जुना_फिटर

फोटो बघितला. हवा काढायचं निपल खाली आहे.

तुम्ही कॅलिपर चाकाच्या पुढच्या अंगाला घेतलात. ज्या हॅचबॅकचा तो आहे तिच्यात तो मागच्या अंगाला असणार. मागचा पुढे नेला की वरचं खाली जातं. हवा नेहमी वर बसते आणि तुमचं हवा काढायचं भोक तळाला आहे. शंभर बाटल्या ऑइल घाला, वरची हवा तिथून निघणार नाही. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा, निपल वर येईल.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

काका, अदलाबदल केली. निपल सगळ्यात वर आलं. एका बाटलीत पेडल दगडासारखं घट्ट! चार दिवस आम्ही दोघं ज्यासाठी रात्री जागत होतो ते तुम्हाला एका फोटोत दिसलं.

नळ्यांची वाट मात्र बदलावी लागली. स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून आणि चाक लटकतं ठेवून, दोन्ही वेळा नळी ताणत नाही आणि टायरला घासत नाही हे बघितलं.

देवगड_सडा

कॅलिपर अदलाबदल करता येण्यासारखे नसतील तर? माझ्या ब्रॅकेटला ते बसणार नाहीत.

जुना_फिटर

मग ब्लीडिंगपुरता कॅलिपर खोलून हातात धरा, निपल वर करा, दोन पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घाला म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाही. हवा काढा, मग कॅलिपर जागेवर लावा. चालतं, पण दर वेळी हा व्याप. ब्रॅकेट नवीन केलेला बरा.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

पहिली चाचणी झाली. वेंगुर्ला ते शिरोडा, जाऊन येऊन. ब्रेक फार छान लागतात. पण परत आलो तेव्हा पुढची दोन्ही चाकं तापलेली आणि गाडी ढकलली तर जड. ब्रेक सुटत नाहीत. अर्धा तास गेल्यावर सुटले. आता काय?

घाटमाथा

दोन शक्यता आहेत. एक, मास्टरच्या दांड्याला मोकळीक नाही. पेडल सोडल्यावरही दांडा पिस्टनला टेकलेला असेल तर परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगलं की त्याला टाकीत जायला वाट नाही, आणि ब्रेक स्वतःहूनच लागत जातात. दोन, मास्टरमध्ये ड्रमसाठीची दाब राखणारी व्हॉल्व्ह आहे. ड्रमच्या मार्गात थोडा दाब राहिला तर बरंच, व्हील सिलिंडरचे रबर वॉशर फाकलेले राहतात. शूंना मागे ओढायला स्प्रिंगा असतात, त्यामुळे तेवढ्याने ब्रेक धरत नाही. डिस्कला स्प्रिंग नाही, राहिलेला दाब पॅड घासत ठेवतो.

ओळखायचं असं. ब्रेक धरलेले असताना आधी मास्टरचे दोन नट सैल करून तो थोडा पुढे घ्या. चाक सुटलं तर दोष दांड्याचा. नाही सुटलं तर पुढचं निपल किंचित उघडा. ऑइल चिळकांडीने येऊन चाक सुटलं तर दाब आत अडकलाय, म्हणजे व्हॉल्व्ह. निपल उघडूनही सुटलं नाही तर कॅलिपरच जाम.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

निपल उघडलं आणि सुटलं. ज्या दुकानातून मास्टर घेतला तिथे डिस्कचा म्हणून दिला होता, पण पुढच्या तोंडात व्हॉल्व्ह निघाली. ती काढली, मागच्या तोंडातली ठेवली, मागे ड्रमच आहेत. दांड्याला सुमारे एक मिलीमीटर मोकळीकही दिली. आता चाक हाताने फिरतं.

कुर्ला_ते_कुडाळ

मागच्या चाकांचं काय? पुढे नवं आलं तरी मागचे ड्रम तसेच आहेत. वडील विचारतायत, ओल्या रस्त्यावर आधी कुठली चाकं धरतात?

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

वडिलांना माझा नमस्कार सांगा. हाच प्रश्न घेऊन आम्ही पावसात रिकाम्या सड्यावरच्या रस्त्यावर गेलो. आगेमागे कोणी नाही, दोन्ही बाजूंना कातळ. भाचा बाहेर उभा राहून चाकं बघत होता. ताशी ३० वरून जोरात ब्रेक मारला, तर मागची आधी घसरली आणि गाडीची शेपटी एक हात सरकली. तीसच्या वेगाला एवढं, तर साठला काय झालं असतं!

मागच्या मार्गावर दाब कमी करणारी व्हॉल्व्ह घातली, स्क्रूने कमीजास्त करता येणारी. अर्धा अर्धा फेरा बदलत, प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच वेग. आता पुढची आधी धरतात आणि गाडी सरळ राहते. चौघं बसवूनही बघितलं. वेगळी गाडी, वेगळा स्क्रू, माझे फेरे कोणी उतरवून घेऊ नका.

मूळ_स्वरूप

जुने भाग?

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

दोन्ही ड्रम, बॅकप्लेट, शू, स्प्रिंगा, जुना मास्टर, सगळं ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलंय. बाबांनी प्रत्येक गाठोड्यावर डावा-उजवा लिहिलेली चिठ्ठी बांधली. कार्यालयातून गाडी तपासून गेले. ब्रॅकेटचं रेखाचित्र आणि बोल्टांची बिलं त्यांनी मागितली, दोन्ही दिली. लेखी उत्तर मिळालं की इथे कळवतो.

वाशिष्ठीकाठ

घाट कधी?

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

काल झाला.

आधी नवीन पॅड डिस्कवर घासून बसवून घेतले. ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने दहा-बारा वेळा, मध्ये गाडी निवू देत, पूर्ण न थांबवता. मग सकाळी आंबोली चढलो. धुकं एवढं की धबधब्याचा नुसता आवाज. वर चहा घेतला आणि उतरायला लागलो, दुसऱ्या गिअरात, चौघं, तेच सामान. आईला मुद्दाम विचारलं होतं, येतेस का. ती म्हणाली, मी नाही आले तर तुला कसं कळणार.

ज्या वळणावर पेडल गेलं होतं तिथे ब्रेक मारला. पेडल वरच्या वर, जसं आंबोलीला होतं तसंच. पायथ्याला थांबून बंदुकीसारख्या थर्मामीटरने मापं घेतली. पुढची डावी डिस्क १४८ अंश, उजवी १५३. मागचे ड्रम ७० च्या आसपास. डाव्या-उजव्यात पाच अंशांचाच फरक, म्हणजे दोन्ही बाजू सारखं काम करतायत. खाली ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, त्यातूनही काढली. पहिलाच ब्रेक लागला आणि गाडी सरळ थांबली.

एक शिकलो. उतरताना इंजिन बंद पडलं तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतंच बळ राहतं. ते मी मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम करून बघितलं, चौथ्या दाबाला पाय किती लावावा लागतो ते माझ्या पत्नीनेही अनुभवून ठेवलं.

घाटमाथा

१४८ आणि १५३ वाचून फार बरं वाटलं. मुरलेल्या डॉट ४ ची खालची मर्यादा १५५ आहे, हे विसरू नका. डिस्कचं तापमान म्हणजे ऑइलचं नव्हे, ऑइल त्याहून बरंच थंड असतं. पण उन्हाळ्यात, गाडी भरलेली आणि पुढे रेंगाळणारा ट्रक असेल तर आकडे वाढतील. दर पावसाळ्यानंतर ऑइल बदला.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

टाकीच्या झाकणावर ऑइल बदलल्याची तारीख रंगाने लिहिली आहे, ताई.

देवगड_सडा

ब्रॅकेटचं रेखाचित्र मिळेल का?

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

देतो. पण त्यावर कापू नका, पुठ्ठा आधी. तुमचा स्टब माझ्यासारखाच असेल असं धरून चालू नका. वेंगुर्ल्याला या, गाडी वर उचलून दाखवतो.

जुना_फिटर

एक राहिलं. तुमचा हँडब्रेक अजून मागच्या ड्रमवरच आहे. पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर तो ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतील. पहिला गिअर टाका आणि चाकाला जांभ्याचा दगड लावा. आणि डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसेल, त्याला घाबरू नका. अंगणातून बाहेर पडताना दोनदा ब्रेक मारलात की निघून जातो.

वेंगुर्ल्याची_पद्मिनी

दगड आजच आणून ठेवला, काका. गंजाचं आईने सकाळीच दाखवलं होतं, फडक्याने पुसायला निघाली होती.